शर्ट-पँटमधलं युगुलगीत

नोव्हेंबर लागला की माझं डोकं फिरतं. घरात मी एकटाच, त्यामुळे ते सहन करायलाही मीच असतो. दिवाळीचे आकाशकंदील अजून गॅलऱ्यांतून लोंबत असतात, सकाळी खाडीच्या बाजूने जरा गार वारा येतो, आणि संध्याकाळी कुठल्यातरी शाळेच्या वर्गातून पेटीचा सूर, आपटलेला बाक आणि "अरे, वाक्य खाऊ नकोस रे" असा ओरडा ऐकू येतो. नाट्यस्पर्धांचा हंगाम सुरू झालेला असतो. बाकीचे लोक या दिवसांत वालाच्या शेंगांच्या आणि लग्नाच्या मुहूर्तांच्या गप्पा मारतात. मी खिडकी लावून घेतो.

यंदा खिडकी लावून भागलं नाही. करंजाड्याला राहणारी गार्गी नावाची मुलगी दारात येऊन उभी राहिली. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून या, म्हणाली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मी एके काळी नाटकातला होतो. गेलो. दिवसभरात तीन एकांकिका अशा झाल्या, ज्यांत एक मुलगा दुसऱ्या मुलावर प्रेम करतो. पोरांनी जीव तोडून केल्या होत्या, टाळ्याही पडल्या. आणि तिन्हींत शेवटी एकजण मेला. एकाने गोळ्या घेतल्या, एक गाडीखाली आला, तिसरा नुसताच दिवे मंद होत होत गेला. निकालाच्या वेळी माइक हातात आल्यावर माझी जीभ घसरली. म्हणालो, "तुम्ही यांना मारता कशाला? जगवायचा कंटाळा येतो का?" खाली उतरल्यावर गार्गीने चहाचा कप हातात दिला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला हा विषय पटत नाही का?"

काय सांगणार? "पटतो," एवढंच म्हणालो. ती समजुतीने हसली, म्हाताऱ्यांशी हसतात तसं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. बाई गं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी याच पनवेलात आम्ही एक संगीत नाटक बसवलं होतं. त्यात दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करत होते, गात होते, आणि पडदा पडताना दोघेही धडधाकट जिवंत होते. ते नाटक कुणीच पाहिलं नाही, कारण ते झालंच नाही. आणि ते झालं नाही ते माझ्यामुळे.

एक्क्याण्णव साल असेल. तेव्हाचं पनवेल एस. टी. स्टँडपासून निघालं की तळ्यापाशी संपायचं. भाताच्या गिरण्या अजून चालू होत्या. कापणी झाली की त्यांची धडधड दिवसभर चालायची आणि तुसाची बारीक धूळ भुवयांवर बसायची. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास गावात शिरायचा. बाहेरचा माणूस नाक दाबायचा, आम्हाला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. मी सरकारी कचेरीत कारकून होतो. साडेपाचला सुटलो की घरी न जाता थेट शाळेत. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही तालमीला बसायचो आणि भिंतीवर उजळणीचे तक्ते असायचे.

आमच्या मंडळाच्या म्होरक्या कुमुदताई. त्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या, बोटांना कायम रंग लागलेला. तबल्याला विचुंब्याचा हसुराम पाटील. घरची भातशेती, हातात दणकट ताकद, पण तबल्यावर त्याची बोटं अशी हलकी पडायची की बघत राहावं. आणि पेटीला जयवंत. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा, कमी बोलणारा, चाली बांधणारा जयवंत.

सरळ सांगतो. मी आणि जयवंत एकमेकांचे होतो. आमच्यात जे होतं त्याला तेव्हा पनवेलात नाव नव्हतं. जे शब्द होते ते नाक्यावर शिवी म्हणून वापरायचे होते. तालीम संपली की आम्ही वडाळे तळ्याला वळसा घालून घरी जायचो, हातात हात घालून. आता कुणाला खरं वाटणार नाही, पण दोन पुरुष हात धरून चालले तर त्या काळी गावात कुणी मान वळवूनही बघत नसे. मित्र आहेत, म्हणत. मला ते पुरायचं. मी म्हणायचो, बघ, कुणाला कळत नाही, कुणाला त्रास नाही, आणखी काय पाहिजे? जयवंताला ते पुरत नव्हतं. "कळत नाही हेच तर मला नको झालंय," तो म्हणायचा.

त्याला नेमकं काय हवं होतं हे त्याने मला त्या तळ्याकाठीच सांगितलं. "नानांना समोर बसवून एकदा सांगायचंय. बोलून नाही जमणार, विनू. आमच्या घरात बोलत नाहीत. गाऊन जमेल."

नाना म्हणजे त्याचे वडील. गावात त्यांना नानाबुवा म्हणत. भजनात पुढे तेच असायचे. लहानपणी ते एका फिरत्या संगीत नाटक कंपनीत होते आणि स्त्रीपार्ट करायचे. तेरा-चौदा वर्षांचं पोर, आवाज न फुटलेला, लुगडं नेसून नायिका होऊन गायचं. आवाज फुटला, कंपनीने घरी पाठवलं, मग जन्मभर गिरणीत तांदळाच्या पोत्यांवर देखरेख केली. पण सत्तरीला टेकले तरी चहाचा कप धरताना करंगळी अशी वळायची की कळावं, हा हात कधीतरी रंगमंचावर होता. त्यांना याची लाज नव्हती. "लुगड्यात उभं राहायला छाती लागते," म्हणायचे.

तर जयवंताने गाण्यासाठी नाटक लिहिलं. गोष्ट साधी. खाडीकाठचं गाव, एक होडीवाला, आणि रोज त्याच्या होडीतून पलीकडच्या वाडीला टपाल घेऊन जाणारा पोस्टमन. खाडीवर पूल होणार असतो. पूल झाला की होडी बंद. होडीवाल्याला आयुष्यात कधी पत्र येत नाही, आणि एक दिवस पोस्टमन त्याच्या नावाचं पत्र काढतो. ते त्याने स्वतःच लिहिलेलं असतं. होडीवाल्याला वाचता येत नाही, म्हणून पोस्टमनच ते त्याला वाचून दाखवतो, गाऊन. शेवटी पूल होतो आणि दोघे मिळून होडी पुढच्या खाडीवर नेतात. बस एवढंच. पदं आम्ही दोघांनी मिळून लिहिली. त्यातलं एक मला अजून पाठ आहे:

नको बांधू रे कुणी पूल या पाण्यावरती,
रोज नव्याने ने मला, रोज येऊ दे भरती.
पोचलो तर बोलणे सरेल, राहू दे मधेच होडी,
अर्ध्या वाटेवरची मित्रा, तुझी नि माझी गोडी.

होडीवाला मी, पोस्टमन जयवंत. पहिल्यांदा तालमीत ते गायलो. कुमुदताईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "हे आपण करायचं. जसंच्या तसं." हसुरामने तबल्यावर हात आडवा ठेवून नाद थांबवला आणि म्हणाला, "चाल गोड हाय." बाकी काही विचारलं नाही. मला वाटलं त्याला कळलं नसेल.

प्रयोगाआधी संहितेला परवानगी लागते. आम्ही हाताने उतरवलेली प्रत मुंबईला सेन्सॉर बोर्डाकडे पाठवली आणि देवाचं नाव घेत बसलो. मी तर मनातून म्हणत होतो, नाकारू देत, म्हणजे प्रश्न मिटला. तीन आठवड्यांनी प्रत परत आली. पहिल्या पानावर शिक्का, आत एका ओळीवरही खूण नाही. वाचली की नाही देव जाणे. कुमुदताईंनी पेढे आणले. मला पेढा गोड लागेना, कारण आता माझ्याकडे सबब उरली नव्हती.

ती सबब मला कचेरीत मिळाली. आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे, त्यांचा पुतण्या तालमीच्या वेळी शाळेच्या आवारात खेळायचा. चहाच्या वेळी ते मोठ्याने म्हणाले, "काय हो, यंदा तुमच्या नाटकात दोन बाप्येच गळ्यात गळे घालून गातात म्हणे. बायका मिळेनात का?" सगळे हसले. मीही हसलो. ते माझं हसणं मला आजही ऐकू येतं. इतकं झटपट, इतकं मोकळं हसलो की त्या गृहस्थांना स्वतःच्या विनोदाचं कौतुक वाटलं असणार.

एवढंच घडलं होतं. कुणी धमकी दिली नाही, कुणी शाळेचा हॉल नाकारला नाही, घरावर दगड पडला नाही. एका माणसाने चहा पिता पिता थट्टा केली. पण त्या संध्याकाळी तालमीच्या वर्गात पोचेपर्यंत मला एक नामी युक्ती सुचली होती. तिचा मला अभिमानही वाटत होता, हे सांगितलं पाहिजे.

"पोस्टमनच्या जागी मास्तरीणबाई करू," मी म्हणालो. "वाडीवरच्या शाळेत शिकवायला जाणारी. आणि ती जयवंतच करेल, साडी नेसून. नानांची परंपरा आहे घरात. लोक डोक्यावर घेतील. चाल तीच, गळा तोच, दोन-चार शब्द बदलायचे."

कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं. "मग हे नाटक कशाला करायचं, विनायक?"

"ताई, गाणं तर पोचेल ना?"

"कुणाचं?"

मी जयवंताकडे वळलो. तो पेटीचा भाता नुसताच उघडमीट करत होता, सूर न लावता. मला वाटलं होतं भांडेल. मी भांडणाची तयारी करून आलो होतो. त्याने भाता बंद केला आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर तसं."

आजवर मला कुणी इतक्या हळू आवाजात काही सुनावलेलं नाही. आणि मी काय केलं? मी खूश झालो. वही काढून शब्द बदलायलाच बसलो. ज्या नाटकाला परवानगी होती ते आम्ही केलं नाही, जे केलं त्याला परवानगी नव्हती, आणि याबद्दल आम्हाला कधी कुणी विचारलं नाही. एका शिक्क्याला घाबरत होतो, आणि शेवटी सेन्सॉर निघालो मीच.

चार दिवसांनी मी एक नऊवारी घेऊन जयवंताच्या घरी गेलो. नाना ओटीवर बसले होते. त्यांना सांगितलं, असं असं आहे, जयवंत स्त्रीपार्ट करणार, तुम्ही जरा शिकवा. ते काही वेळ साडीच्या घडीकडेच बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला जुने दिवस आठवले. मग उठले, आणि मधल्या खोलीत त्यांनी मुलाला स्वतःच्या हातांनी साडी नेसवली. निऱ्या घालताना सत्तरीतली बोटं कुठेही चुकत नव्हती. "पाऊल आधी, पदर मागून," ते सांगत होते. "बाई व्हायचं नाही. बाईचा मान ठेवायचा." निऱ्या खोचून झाल्यावर मान वर करून त्यांनी विचारलं, "जयवंता, हे तुला नेसायचंय ना? कुणी सांगितलं म्हणून नको हो."

जयवंताने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने टाचण्यांची डबी उघडली.

"हो नाना," तो म्हणाला.

हल्ली रस्त्याने जाताना कधी दोन तरुण मुलगे एकाच बाइकवरून जाताना दिसतात. मागचा पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसलेला असतो. मित्र असतील, भाऊ असतील, मला काय ठाऊक. पण बघितलं की मला आनंद व्हायच्या ऐवजी राग येतो. त्यांचा नव्हे. पण रागाला समोर कुणीतरी लागतं, म्हणून त्यांनी हेल्मेट का घातलं नाही यावर मी घसरतो. गार्गीला वाटलं, हा विषय न पटणारा म्हातारा मी आहे. तिची चूक नाही, मी तसा दिसायची बरीच मेहनत घेतली आहे.

स्पर्धेच्या आधी गावातच एक प्रयोग करायची आमची रीत होती. शाळेचा हॉल भरला. खिडक्यांतही माणसं उभी. नाना पहिल्या रांगेत, मधोमध, धुतलेली टोपी घालून. कचेरीतले ते गृहस्थही कुटुंबासकट आले होते. पडदा वर गेला, मी वल्हं मारत आलो, आणि जयवंत विंगेतून आला. मोरपंखी नऊवारी, हातात पुस्तकं, पाऊल आधी आणि पदर मागून. हॉलमधून एक 'वा' उमटला. बायका पुढे वाकून बघायला लागल्या. आणि मग ते पद.

तो इतकं चांगलं कधी गायला नव्हता. किंवा गायला असेल, पण असं दुखवून नाही. मी समोर होडीत बसलेलो, त्याच्यापासून दोन हातांवर. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. ते प्रेक्षकांत पहिल्या रांगेवर होते. पद संपलं आणि टाळ्यांच्या आधी एक खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर." नाना उभे राहिले होते. लोकांनी मान वळवून पाहिलं, ओळखलं, आणि सगळा हॉल त्यांच्या मागून ओरडायला लागला. जयवंत पुन्हा गायला. संपलं, नाना पुन्हा उभे. "वन्स मोअर." तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला आणि ते खाली बसले. मागे कुणीतरी म्हणालं, "बापाला काय वाटत असेल, नाही?" आम्ही सगळेच तसं समजलो. आपलं राहिलेलं पोराने पुरं केलं, म्हणून म्हातारा गहिवरला.

दोन पुरुष एकमेकांना उद्देशून प्रेमाचं गाणं गात होते आणि अख्खं पनवेल ते तीन तीनदा मागत होतं. एकाने साडी नेसली होती, एवढाच काय तो फरक. कचेरीतले गृहस्थ दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "डोळ्यांत पाणी आणलंत हो." पुढे स्पर्धेत जयवंताला स्त्रीभूमिकेचं पारितोषिक मिळालं. परंपरा जपल्याबद्दल परीक्षकांनी खास उल्लेख केला. प्रमाणपत्र त्याने एस. टी.त सीटवर ठेवलं आणि तिथेच विसरला. विसरला म्हणे.

स्पर्धा आटोपल्यावर हसुरामने आम्हाला विचुंब्याला शेतावर पोपटीला बोलावलं. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवायचा. दिवस मावळत होता. कापलेल्या भाताच्या खुंटांवर आम्ही पोती टाकून बसलो होतो. भांबुर्ड्याचा तो कडवट, हिरवा वास अजून माझ्या नाकात आहे. कुमुदताई माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. जयवंत लांब बांधावर बसला होता. हसुराम काठीने जाळ सारता सारता माझ्याजवळ आला.

"विनूदादा, मना एक सांगा. पयलं व्हतं तेच बरं व्हतं ना? दोन गडी व्हते ते. कशाला बदललं?"

"लोकांना पटलं नसतं रे."

"लोकांना इचारलं कुनी?" तो म्हणाला. "मी पन लोकच हाय ना. मना पटलं व्हतं. मी घरी बायकोला पन सांगितली व्हती गोष्ट. ती बोलली, मग पत्र वाचल्यावर होडीवाला काय बोलला?"

 त्याने मडकं फोडलं, गरम शेंगा पेपरावर ओतल्या आणि पहिली मूठ बांधावर जयवंताला नेऊन दिली. नवरा-बायको मिळून दोन पुरुषांच्या गोष्टीचं पुढे काय झालं म्हणून विचार करत होते, आणि मी शिकलासवरलेला माणूस कचेरीतल्या चहाच्या वेळच्या एका विनोदाला गाव समजून बसलो होतो. याचा संताप मला तेव्हा आला नाही. तेव्हा मी फक्त शेंगा सोलत होतो आणि आपण वाचलो असं समजत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात जयवंत बडोद्याला गेला. औषधांच्या एका कंपनीत जागा मिळाली म्हणाला. मी स्टँडवर गेलो होतो. हात हातात घेतला तेव्हा त्याने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. नानांशी त्याचं शेवटपर्यंत नीटच होतं, मनीऑर्डर, पत्र, दिवाळीला दोन दिवस. लग्नाला नाही म्हणाला ते नानांनी एकदा ऐकलं आणि पुन्हा विषय काढला नाही. त्या घरात बोलत नसत, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं.

मग अठ्ठ्याण्णवच्या थंडीत नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जयवंत येऊन काळजी घेऊन परत गेला, आणि मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. एक दिवस मी कुठल्यातरी नाट्यस्पर्धेचा निकाल वाचत होतो. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधलेले नाना म्हणाले, "विनायका, साडीची कल्पना तुझी होती ना?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, कौतुक करणार.

"त्याची पहिली वही मी वाचली होती," ते म्हणाले. "माझ्या भजनाच्या पेटीवर आणून ठेवली होती त्याने. मुद्दाम. दोन पुरुषांची. वाचली आणि दोन दिवस भजनाला गेलो नाही. पहिल्या दिवशी रागात होतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मला कंपनीतलं काय काय आठवलं. मीही जग बघितलंय रे. मग ठरवलं, आपण पहिल्या रांगेत बसायचं. त्याने गावं, आपण ऐकावं, झालं. बापाने आणखी काय करायचं असतं?"

मी पेपराची घडी घालत होतो. ती नीट होत नव्हती.

"आणि तू साडी घेऊन आलास. मला वाटलं, त्यानेच शब्द मागे घेतला. मी विचारलंही त्याला, तुझ्यासमोर. हो म्हणाला. पोराने मागे घेतलेलं बापाने कसं काढायचं?" त्यांनी डोळ्यांवरची पट्टी सारखी केली. "तरी वन्स मोअर दिला. जुन्या काळी नट वन्स मोअरला वेगळं काहीतरी करायचे. म्हटलं, दुसऱ्यांदा तरी पदर टाकेल आणि सरळ उभा राहून गाईल. नाही टाकला. म्हणून तिसऱ्यांदा दिला."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मला जेवणाच्या सुट्टीची आठवण झाली, यावरून माणसाची लायकी कळावी.

"तू सांग त्याला," नाना म्हणाले. "माझ्याने नाही व्हायचं."

वर्षभरात नाना गेले. जयवंत आला, सगळं केलं, आणि तेराव्यानंतर तळ्याच्या कठड्यावर बसून त्याने मला विचारलं, "नाना कधी काही बोलले होते तुझ्याजवळ? माझ्याबद्दल?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? सांगितलं असतं तर त्याला बाप मिळाला असता आणि माझं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. त्याने कायमचं तोंड फिरवलं असतं. दिवाळीतला एक फोन तरी राहावा म्हणून मी त्याच्या वडिलांचे शब्द स्वतःजवळ ठेवून घेतले. पुढे कितीतरी वर्षं. फोनवर तो कधी कधी पुन्हा विचारायचा, सहज म्हणून, आणि मी सहज म्हणून नाही म्हणायचो.

गार्गीच्या स्पर्धेहून घरी आलो, कपडेही बदलले नाहीत, फोन लावला. बडोद्याला त्याच्याबरोबर एक गृहस्थ राहतात, खूप वर्षं झाली, फोन बहुधा तेच उचलतात. "जी, देता हूँ," म्हणाले अदबीने. त्या माणसाचा मला हेवा वाटतो, आणि तो इतका चांगला आहे की धड चिडताही येत नाही.

जयवंत आला. मी सगळं सांगितलं. वही, दोन दिवसांचा राग, पहिली रांग, तीन वन्स मोअर. कुठेही माझ्या बाजूने शब्द घातला नाही. 

"विनू," मग तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "प्रयोगाच्या दिवशी विंगेत माझ्याजवळ एक पिशवी होती. पोस्टमनचा खाकी शर्ट आणि पँट, इस्त्री करून आणले होते. तू नुसतं 'साडी नको' म्हणाला असतास तरी दोन मिनिटांत ती सोडून हे घातलं असतं. तिसऱ्या घंटेपर्यंत मी तुझ्याकडे बघत होतो."

"मला दिसलं नाही," मी म्हणालो.

"हो ना," जयवंत म्हणाला. "तू आरशासमोर मिशी चिकटवत होतास."